जिवंत माणसाचा फोटो

आमच्या घरी दर रविवारी सकाळी काही माणसं जमतात, ती एका माणसाला फाशी होऊ नये म्हणून. हे लिहायला सोपं आहे, सांगायला तितकंसं नाही. साकेत नगरातल्या आमच्या गल्लीत बरीच वर्षं समज होता की आमच्याकडे भिशी चालते. माझ्या नवऱ्याने तो कधी दूर केला नाही. "भिशी म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही," तो म्हणायचा.

तो गेला त्याला आता वर्ष उलटून गेलं. कारखान्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, कोर्टाची पायरी कधी न चढलेला. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं तेव्हा माझे वडील नागपूरहून सरकारी दप्तरांबरोबर इथे आले आणि मरेपर्यंत भोपाळला 'बदलीचं गाव' म्हणत राहिले. म्हणजे आम्ही दोघंही कागदावर विश्वास ठेवणाऱ्या घरांतले. सही आहे, शिक्का आहे, तर ते खरंच असणार, असं मानून आमचं निम्मं आयुष्य गेलं.

मग गोविंदपुऱ्यातला तो खटला झाला. एका लहान कारखान्याचा चौकीदार आणि त्याची बायको मारले गेले, कपाटातली रोकड गेली. तिथेच लेथवर काम करणाऱ्या एका तरुणाला पकडलं. संध्याकाळी त्याला फाटकापाशी पाहिलं होतं, आणि त्याने दाखवलेल्या जागेवर लोखंडी सळई सापडली, असा पुरावा. सळई सापडताना पंच म्हणून कागदोपत्री हजर होता तो समोरचा चहावाला. त्याने कोर्टात होय म्हटलं, आणि पुढे काही वर्षांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की मी कुठे गेलोच नव्हतो, मला बसवून घेऊन सह्या घेतल्या. हे नंतरचं बोलणं कोणत्याच कोर्टाने मानलं नाही. खालच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली, हायकोर्टात ती कायम झाली.

त्या कारखान्यातून नवऱ्याच्या कारखान्याला सुटे भाग यायचे. ते तपासायला तो जात असे, त्यामुळे लेथवरच्या त्या मुलाची त्याला तोंडओळख होती. "त्याने केलं नाही" असं तो कधीही म्हणाला नाही. "मला माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नाही," एवढंच म्हणायचा. "माहीत नसताना माणूस लटकवायचा नाही, इतकं साधं आहे." आमचं सगळं काम या एका वाक्यावर उभं राहिलं. फार मोठं काम नव्हतं ते. पत्रकं छापायची, हबीबगंज स्टेशनबाहेर वाटायची (स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं बदललं नाही), सह्या गोळा करायच्या, वकिलांना कागद पुरवायचे.

नवऱ्याने एक पद्धत घालून दिली होती. कुठलीही बैठक सुरू करायची ती मारल्या गेलेल्या त्या जोडप्यासाठी उभं राहून. दोन मिनिटं शांत उभं राहायचं, मग खाली बसून बोलायचं. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. नवरा तिच्याकडे एकदा गेला होता. तिने दारातूनच परत पाठवलं. त्याला त्याचा राग आला नाही. "तिच्या जागी मी असतो तर मीही पाठवलं असतं," म्हणाला, आणि पद्धत चालूच राहिली.

रविवारी येणाऱ्यांत एक आमचे निवृत्त कारकून, मूळचे अमरावतीकडचे, नवऱ्याचे मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. स्टेशनबाहेर पत्रकं वाटताना लोक जे बोलतात ते झेलायचं काम त्यांचं. एकदा एक गृहस्थ पत्रक वाचून म्हणाले, "आपके घर में किसी को मारा होता, तब पूछता." भाऊजी शांतपणे म्हणाले, "मेरे घर में तो साहब, मुझे ही रोज मारते हैं." गृहस्थ हसले आणि पत्रक खिशात घालून गेले. सही केली नाहीच. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय उत्तर झालं?"

"वहिनी, कागद तर गेला ना बाप्पा त्याच्या घरी," ते म्हणाले.

दुसरी एक तरुण वकील. ती मला काकू म्हणते आणि मराठी बोलता बोलता हिंदीत शिरते, ते तिला कळतही नाही. आणि तिसरी, त्या तरुणाची आई.

तरुण म्हणते आहे, पण आता तो तरुण राहिलेला नाही. आई सागरकडची, इथल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये आया आहे. आमच्या भागात इस्पितळ मोठं, त्यामुळे गल्लीगल्लीत नर्सिंग होम, औषधाची दुकानं, एक्स-रेची पाकिटं घेऊन फिरणारे नातेवाईक. ड्यूटी संपली की ती सरळ आमच्याकडे यायची, हाताला फिनाइलचा वास असायचा. बसायची ती नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर. बोलणं तिखट. भाऊजींनी एकदा विचारलं, "बहनजी, आज बड़ी देर लगा दी?" तर म्हणाली, "हाँ भैया, मरीज़ को समझाया था, आज इतवार है, आज मत मर. माना ही नहीं."

नवरा गेला त्याच इस्पितळात, अचानक, हृदयाच्या विकाराने. तेव्हा सुतकाच्या दिवसांत ती रोज डबा घेऊन येत असे. आमच्यात अशा घरी शेजारपाजारचे अन्न आणतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, त्यांच्यातही तसंच असावं. डबा ठेवायची, कालचा डबा घासून ठेवलेला असेल तो उचलायची आणि जायची. एकदाच म्हणाली, "साहब बोलते थे, झूठी आस नहीं देंगे. नहीं दी." मला त्या दिवसांत पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही सांगितलं. लक्षात राहिलं ते हे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सर्वोच्च न्यायालयातलं अपील फेटाळलं गेलं. वकील पुनर्विचारासाठी कागद तयार करू लागली, पण आता दयेचा अर्जही करायला हवा होता, आणि त्याला साधारण महिन्याची मुदत होती. ती तुरुंगात जाऊन त्याला भेटली. त्याने नाही म्हटलं. मी केलंच नाही तर माफी कशाची मागू, म्हणाला. वकिलीणबाईने खूप समजावलं. शेवटी तो म्हणाला, "अम्मा कहेगी तो कर दूँगा."

आणि अम्मा तर त्याच्याही पुढे. आमच्या बैठकीत सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "माफ़ी वो माँगे जिसने किया."

"अर्जात तसं लिहिणारच नाही आपण," वकील म्हणाली. "त्याने गुन्हा केला नाही हे त्याचं म्हणणं कायम, असंच लिहू. पण फाँसी तो रुकवानी है ना, अम्मा?"

"तुम लिखोगी कुछ, वो पढ़ेंगे कुछ. इतने साल यही तो हुआ है."

यावर नवरा काय म्हणाला असता, मला माहीत नाही. तिला पुढच्या रविवारपर्यंत विचार करायला सांगून आम्ही उठलो.

त्या दरम्यान आम्ही एक सभा ठेवली होती, आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात. सभागृह जुनं आहे. हळदीकुंकू, नाट्यवाचन, ज्येष्ठांचे सत्कार, शोकसभा, सगळं तिथेच होतं. सभेत आईने बोलावं, लोकांनी तिचं ऐकावं, आणि बोलता बोलता कदाचित तिचंही मन वळावं, अशी आमची आशा होती. मला वाटलं, लोकांना त्या माणसाचा चेहराही दिसायला हवा. पत्रकावर त्याचा जो फोटो होता तो छापून छापून काळा झाला होता. मी आईकडून दुसरा मागून घेतला. कुठल्याशा नातेवाइकाच्या लग्नातला होता. तो हसतो आहे, आणि त्याच्या खांद्यावर शेजारच्या कोणाची तरी बोटं आहेत; तो माणूस फोटोतून कापला गेला, बोटं राहिली. मी तो मोठा करून घेतला. मोठा झाल्यावर कागद वाकत होता, उभा राहीना, म्हणून बाजारातून चौकट करून घेतली. सागवानी रंगाची, काच लावलेली. चांगली दिसत होती.

भाऊजींनी सभागृह ठरवलं, आणि ठरवताना नेहमीच्या सवयीने समई आणि एक हार सांगितला. हार त्या चौकीदार नवराबायकोसाठी. त्यांचा फोटो आमच्याकडे नव्हता, मुलीने दिला नसता. भाऊजींच्या मनात होतं की समईपुढे हार ठेवायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि सभा सुरू करायची. हे त्यांनी मला सांगितलं, वकिलीणबाईला सांगितलं. सभागृहाच्या शिपायाला सांगितलं नाही.

शिपायाने टेबल मांडलं, पांढरी चादर घातली, समई लावली. चौकट आम्ही आदल्या दिवशीच पोचवली होती. आता टेबलावर एक फोटो, शेजारी एक हार. कुठल्याही मराठी कार्यक्रमात जे होतं ते त्याने वर्षानुवर्षं केलं होतं, तेच केलं. हार फोटोला घातला, फोटो समईमागे नीट मधोमध उभा केला, आणि वर दोन उदबत्त्या लावल्या.

मी आणि भाऊजी बाहेर फाटकापाशी लोकांना नमस्कार करत होतो. आई ड्यूटीवरून आली ती मागच्या दाराने, कारण नर्सिंग होमकडून तोच रस्ता जवळ. मी आत गेले तेव्हा ती टेबलासमोर उभी होती. पाठमोरी. खुर्च्यांवर थोडी माणसं बसली होती, त्यांना काही खटकलं नव्हतं. फोटोला हार असतोच.

ती ओरडली नाही, रडली नाही. तिने आधी उदबत्त्या काढल्या आणि समईच्या तेलात बुडवून विझवल्या. मग हार काढला. आणि मग तो हातात घेऊन तशीच उभी राहिली, कारण हार कुठे टाकायचा हे तिला कळेना. फुलं जमिनीवर कशी टाकणार? शेवटी तिने तो माइकच्या दांड्याला अडकवला. भाऊजी पुढे झाले, "बहनजी, गलती हो गई, वो हार तो..." आणि थांबले. तो हार कोणासाठी होता हे त्या क्षणी तिला कसं सांगायचं?

ती माइकमध्ये एवढंच म्हणाली, "मेरा लड़का ज़िंदा है." सभागृहात घुमलं ते. मग चौकट काखेत घेऊन मागच्या दाराने निघून गेली. दारापर्यंत गेली आणि परत आली, चौकट माझ्या हातात दिली. "आपने बनवाई है," म्हणाली. "आप ही रखिए."

आम्ही सभा घेतली. दोन मिनिटं उभं राहिलो. वकील बोलली, एका निवृत्त प्राध्यापकांनी लांबलचक भाषण केलं. शिपाई मला दोनदा येऊन विचारून गेला, "मैडम, मुझसे कुछ हुआ क्या?" मी त्याला नाही म्हटलं. त्याच्याकडून काय झालं होतं? आम्हीच सगळे शोकसभेची माणसं आहोत. जिवंत माणसासाठी सभा कशी मांडायची हे आम्हाला येत नव्हतं.

त्यानंतर ती रविवारी आली नाही. फोन उचलेना. मुदत संपत चालली होती. वकील म्हणाली, "काकू, तुम्हीच जा. माझं ऐकणार नाही ती."

मी नर्सिंग होममध्ये गेले. ती मागच्या जिन्यात बसून चहा पीत होती. मला बघून सरकली, शेजारी जागा केली. मी सरळच सांगितलं, तारीख जवळ आली आहे.

"मालूम है."

"उस दिन जो हुआ..."

"वो छोड़ो दीदी. उसने तो आदत से किया." तिने कप खाली ठेवला. "पर मैंने देख लिया ना. अब आँख बंद करती हूँ तो वही दिखता है. माला वाला. पहले हँसता हुआ दिखता था."

मी तयारी करून गेले होते. माझं आयुष्य पुस्तकांत गेलं, बोलायची वाक्यं मी आधी मनात लिहून घेते. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. मी म्हटलं, "माझ्या घरी ये. परवा साहेबांचं वर्षश्राद्ध आहे. जेवायला ये." आतून कोणीतरी हाक मारली आणि ती उठून गेली.

वर्षश्राद्ध मी साधंच केलं. नवऱ्याचा यावर विश्वास नव्हता, पण मला काहीतरी करायचं होतं, आणि स्वयंपाक करता येतो. खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूऐवजी इथे मिळाली ती पालकाची भाजी. एक पान वाढून गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच आला. त्यात विशेष काही नाही, नवरा रोज सकाळी तिथे त्यांना बिस्किटं घालत असे. आमच्या गच्चीवरचे कावळे कोणाच्याही श्राद्धाला आले असते. भाऊजी जेवून गेले. दुपार कलल्यावर ती आली.

मी तिचं ताट वाढलं. टेबलावर आणखी एक ताट होतं, वाढलेलं, न हललेलं. गच्चीवरचं पान वेगळं. हे मी त्याच्या नेहमीच्या खुर्चीसमोर ठेवलं होतं. शास्त्रात बसतं की नाही मी कोणाला विचारलं नव्हतं.

ती जेवता जेवता त्या ताटाकडे बघत होती. "साहब के लिए रोज़ लगाती हो?"

"नाही. आजच."

"खीर पे मलाई जम गई."

"हो."

ती बराच वेळ जेवली, सावकाश. मग हात धुऊन आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "साहब की फोटो कहाँ है?"

मी म्हटलं, लावली नाही अजून. फोटो निवडून ठेवलाय, कपाटात आहे. वर्षभर रोज मनात येतं की चौकट करून आणावी.

"मेरे वाले को तो फट से करवा दी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिचं नेहमीचं तिखट बोलणं होतं ते, इतक्या दिवसांनी परत आलेलं. "वो कहाँ है?"

चौकट मी दिवाणाखाली ठेवली होती, पालथी. भिंतीवर लावता येत नव्हती आणि दुसरीकडे कुठे ठेवायची ते सुचलं नव्हतं. ती जमिनीवर बसली, स्वयंपाकघरातली सुरी मागून घेतली आणि मागचे खिळे एकेक वाकवले. पुठ्ठा काढला, फोटो काढला. पदराने पुसला. गुंडाळी करून पिशवीत घातला, ड्यूटीच्या साडीच्या घडीत.

"इसको काँच में नहीं रखना," म्हणाली. "साहब की ले आओ."

मी कपाटातून फोटो आणला. तिने तो काचेमागे बसवला, पुठ्ठा लावला, खिळे परत सरळ केले. फोटो चौकटीला जरा लहान पडला, एका बाजूने पुठ्ठ्याची पट्टी दिसत राहिली. "चलेगा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, त्या वाढलेल्या ताटाकडे बघत म्हणाली, "मुझसे ये थाली नहीं लगेगी, दीदी. माफ़ी माँग लूँगी. बुला लो वकीलनी को."

वकील संध्याकाळच्या आत आली. अर्जाचा मसुदा तिने वाचून दाखवला, आईने मान खाली घालून ऐकला. त्यात एका जागी होतं की कैद्याला झाल्या घटनेचा पश्चात्ताप आहे. आईने हात वर केला. "ये निकालो."

"अम्मा, इससे फ़र्क पड़ता है. वो लोग यही देखते हैं."

"जो उसने किया नहीं, उसका पछतावा कैसे? दुःख लिखो. दुःख तो है. मुझे भी है, उन दोनों का."

वकिलीणबाईने माझ्याकडे बघितलं. कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य ठेवणंच शहाणपणाचं होतं हे तिला माहीत होतं, मलाही कळत होतं. ते काढल्याने उद्या काय होईल हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं, पण फोटो काही सांगत नसतात. "काढ," मी म्हटलं.

पुढच्या भेटीत आईने त्याला सांगितलं, आणि त्याने सही केली. तो तिला काय म्हणाला ते मी विचारलं. "कुछ नहीं. बोला, तू दुबली हो गई." मुदतीच्या आत अर्ज गेला. पुनर्विचाराचाही गेला.

याला आता बरेच महिने झाले. असे अर्ज कुठल्या टेबलावर किती काळ राहतात हे कोणी सांगत नाही. रविवारची माणसं कमी झाली आहेत. भाऊजींचे गुडघे दुखतात, ते स्टेशनवर खुर्ची नेऊन बसतात. मी थकले आहे. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वाटतं ते हेच, आणि मग चहा ठेवते. उभं राहायची पद्धत आम्ही मोडलेली नाही. मात्र आता हार आणत नाही.

नवऱ्याचा फोटो दिवाणावरच्या भिंतीवर आहे. ती रविवारी येते तेव्हा दारातच थांबते, चपला पायांत तशाच, पिशवी खांद्याला. मला विचारते, "कुछ आया?"

"काही नाही आलं."

मग ती चपला काढते आणि आत येते.